आग्रहाची तरतूद

आयुष्यातला शेवटचा शब्द ज्याचा त्याचाच असला पाहिजे, हे मानवजातीने फार मोठी किंमत मोजून शिकलेलं सत्य आहे. हे सत्य मिरजेत पोचलं तेव्हा ते दोन खोक्यांतून आलं, आणि त्यातलं एक खोकं इस्पितळाच्या लिफ्टमध्ये मावेना.

खोक्यांतल्या यंत्राचं नाव 'अनुमती'. उत्तरेकडच्या एका थंड देशात ते बनलं होतं. तिथलं त्याचं मूळ नाव इथे कोणालाच उच्चारता येईना, म्हणून आयात करणाऱ्यांनी त्याचं नव्याने बारसं केलं. काम सरळ होतं. ज्यांना बोलता येत नाही, बोट हलवता येत नाही, पापणीसुद्धा मिटता येत नाही, पण आतून जे पूर्ण जागे आहेत, अशांना प्रश्न विचारायचा आणि त्यांचं उत्तर पडद्यावर दाखवायचं.

यात जादू काही नव्हती. माणूस 'हो' म्हणतो तेव्हा ते जिभेवर येण्याआधी मेंदूत तयार झालेलं असतं. जीभ, ओठ, स्वरयंत्र यांनी काय करायचं याचा हुकूम वरून सुटतो आणि मेंदूच्या बुंध्यातून खाली जातो. बुंध्याशी रक्ताची गुठळी अडकली तर वाट तुटते. हुकूम पोचत नाही, पण सुटत राहतो. कवटीखाली बसवलेली केसाहून बारीक तारांची जाळी तो सुटतानाच पकडते. 'हो' आणि 'नको' तिला लगेच ओळखू येतात. दुसरा एखादा शब्द सांगायचा असेल तर रुग्णाला तो काही मिनिटं मनात धरून ठेवावा लागतो. लांब वाक्यं जमत नाहीत. त्यामुळे हे यंत्र राजकारण्यांसाठी निरुपयोगी होतं.

कायदा त्याआधीच झाला होता. शुद्धीवरच्या रुग्णाने कृत्रिम श्वास नको असं स्पष्ट सांगितलं, तर समितीने तो थांबवावा. प्रश्न एकदाच विचारावा, सपाट आवाजात विचारावा, आणि नातेवाइकांनी विचारू नये. पुन्हा पुन्हा विचारणं हे दडपण समजलं जाईल. हेतू चांगला होता. म्हाताऱ्याला पुन्हा पुन्हा विचारून कुठल्या घरात कशाकशावर सह्या घेतल्या जातात, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यातल्या काहींना अनुभवाने.

मिरजेतले पहिले रुग्ण हेमंत तारळेकर. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. मार्चमधल्या एका सकाळी चहा पिताना त्यांचं तोंड वाकडं झालं. पत्नी स्मिताताई डॉक्टरांना फोन लावायला लागल्या, तर हे उरल्यासुरल्या जिभेने म्हणाले, "नको, रविवार आहे त्यांचा." मग शेजाऱ्यांनी गाडी काढतो म्हटलं. "नको, रिक्षाने जाऊ." त्यांच्या स्वतःच्या तोंडून आलेलं ते शेवटचं वाक्य. रिक्षा मिळायला वेळ लागला.

आता ते व्हेंटिलेटरवर होते. ऐकत होते, समजत होतं, आणि काहीही हलत नव्हतं. हे असंच राहणार होतं.

एप्रिलच्या मध्याला मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. अवंती शेणोलीकर यांनी कायद्याप्रमाणे, कार्डावरून वाचून, सपाट आवाजात विचारलं, "तारळेकर, कृत्रिम श्वास पुढे सुरू ठेवायचा आहे का?"

पडद्यावर अक्षरं उमटली: नको.

मुलगी ऋजुता पुण्याहून आली होती. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांनी कार्ड खाली ठेवलं.

"बरं," स्मिताताई म्हणाल्या. "आता पुन्हा विचारा."

"काकू, पुन्हा विचारता येत नाही."

"अहो, पण त्यांना विचारलंच कुठे अजून? एकदा विचारलेलं त्यांच्या लेखी विचारलेलं नसतं. पहिल्यांदा ते नकोच म्हणतात."

"आई!" ऋजुता म्हणाली.

"काय आई? तुला माहीत नाही? तुझ्या सासरी पहिल्यांदा गेलो तेव्हा जेवायला नको म्हणाले. तुझ्या सासूबाईंनी बरं म्हणून ताटंच उचलली. रात्री एसटी स्टँडवर वडापाव खाल्ला आम्ही."

हे खरं होतं. हेमंत तारळेकरांनी उभ्या आयुष्यात कशालाही पहिल्या विचारण्यात होकार दिला नव्हता. चहा, सरबत, बसायला खुर्ची, बढती, सगळ्याला आधी नको. स्वतःच्या लग्नातही त्यांनी जिलबी नको म्हटली होती, आणि वाढणारा मुलीकडचा नवखा काका खरोखरच पुढे निघून गेला होता. ती जिलबी तारळेकरांच्या संसारात पुढे बरीच वर्षं अधूनमधून येत असे.

"ताटातली जिलबी आणि हे एक आहे का?" ऋजुता म्हणाली. "बाबांनी नको म्हटलंय. नको म्हणजे नको. एवढं साधं समजायला या देशाला किती वर्षं लागली माहितेय? आणि तू म्हणतेस, नको म्हणजे अजून विचारा?"

ऋजुता हे कळकळीने बोलत होती. पुण्यातल्या एका कंपनीत ती मोबाइलवरच्या अॅपसाठी 'मी सहमत आहे' या बटणाचा रंग, आकार आणि जागा ठरवत असे, लोकांना ते न वाचता दाबता यावं म्हणून. संमती हा तिचा रोजचा विषय होता.

डॉक्टर शेणोलीकर मूळच्या कराडच्या. त्यांच्या वडिलांनी दवाखान्यातही भूल नको म्हटली होती, भूलतज्ज्ञाला उगाच खोळंबा म्हणून. त्यामुळे त्या लगेच उठल्या नाहीत.

"यंत्र जिथलं आहे ना काकू, तिथे कॉफी हवी का विचारलं आणि हवी असेल तर माणसं हवी म्हणतात."

"मग त्यांच्याकडे गेल्यावर बोलायचं काय?" स्मिताताईंनी विचारलं.

डॉक्टरांकडे या यंत्राला लावायची एक प्रायोगिक जोडणी होती. बंगळुरूच्या काही संशोधकांनी ती केली होती. माणसाच्या उत्तरामागे मेंदूचे दोन भाग काम करतात. एक खोलवरचा: ही गोष्ट मिळाली तर बरं वाटेल का, एवढंच त्याला कळतं. दुसरा कपाळामागचा: समोरच्याला काय वाटेल, त्याला त्रास होईल का, आपण हावरट दिसू का, हे तो बघतो. या दुसऱ्या कामाला मराठीत भीड म्हणतात. संशोधकांच्या निबंधात त्याला नऊ अक्षरी नाव होतं. जोडणी एवढंच करायची, की उत्तरातून भीड मोजून वजा करायची आणि खाली उरेल ती इच्छा दाखवायची.

कायद्यात ही जोडणी बसत नव्हती, पण चाचणीला बंदी नव्हती. डॉक्टरांनी किरकोळ प्रश्नांनी सुरुवात केली.

"पंखा वाढवू?" नको. मिरजेतला एप्रिल होता आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

"पाय चेपून देऊ?" नको.

"क्रिकेट लावू?" नको. पण या वेळी खोल भागाचा आलेख चांगलाच उसळला. "बघा," स्मिताताई म्हणाल्या आणि टीव्ही लावला.

मग डॉक्टरांनी तारळेकरांना तोच मोठा प्रश्न मनात स्वतःलाच विचारायला सांगितला आणि भीड वजा करायची कळ दाबली. यंत्राने बराच वेळ घेतला. पडद्यावर आलं: उत्तर उपलब्ध नाही.

पुन्हा केलं. उत्तर उपलब्ध नाही. बंगळुरूला फोन लावला. त्यांनी आकडे मागवून घेतले आणि तासाभराने एका संशोधकाचा फोन आला. यंत्र ठीक होतं. भीड वजा केल्यावर या प्रश्नावर रुग्णात मोजण्याजोगं काही उरत नव्हतं. त्यांना हे फार महत्त्वाचं वाटलं आणि निबंधासाठी परवानगी हवी होती.

"म्हणजे बाबांना स्वतःचं असं मतच नाहीये?" ऋजुताने विचारलं.

"आहे ना," स्मिताताई म्हणाल्या. "पण ते त्यांना विचारल्यावर तयार होतं. दोनतीनदा विचारल्यावर."

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मायलेकी बाकावर बसल्या. ऋजुताने थोड्या वेळाने विचारलं, "आणि त्यांना खरंच नको असेल तर? तू आयुष्यभर त्यांच्या ताटात वाढत आलीस, आई. एखाद्या वेळी पोट भरलं म्हणून खरंच नको म्हणाले असतील, तेव्हाही तू वाढलंसच. आणि त्यांनी खाल्लंच."

स्मिताताईंनी चष्मा काढला.

"भरली वांगी," त्या मग म्हणाल्या. "वीसेक वर्षं खाल्ली. दर वेळी नको म्हणायचे, दर वेळी मी वाढायची. तुझ्या आत्याने सांगितलं तेव्हा कळलं, लहानपणापासून आवडत नाहीत."

"मग?"

"मग काय? बंद केली." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "मला काय भीती नाही वाटत का, ऋजू? मी आग्रह केला आणि ते माझ्यासाठी त्या नळ्या लावून पडून राहिले, तर ते वांगंच झालं. पण न विचारता काढून टाकलं, तर ती जिलबी. मला सांग, मी काय करू?"

ऋजुताच्या कामात दोन्ही प्रसंगी बटण हिरवंच असे.

समितीची बैठक मे महिन्यात झाली. अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश पोतनीस हे कायद्याच्या बाजूने होते, कारण दुसरी बाजू त्यांना कोणी दाखवली नव्हती.

"ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण उत्तर स्पष्ट आहे. नको. पुन्हा विचारणं म्हणजे रुग्णाच्या शब्दावर अविश्वास. उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, आमच्याकडे नको म्हणजे हो असतं. अशाने कुठल्याच नकाराला अर्थ राहणार नाही."

"ते मला पटतं," स्मिताताई म्हणाल्या.

पोतनीसांना हे अपेक्षित नव्हतं. तेवढ्यात चहा आला. डॉक्टर शेणोलीकरांनी कप पुढे केला.

"नको, नको. आत्ताच घेऊन निघालो घरून."

"घ्या हो सर, अर्धा कप."

"नको, खरंच. अॅसिडिटी होते."

"आल्याचा आहे. काही होत नाही आल्याने."

"बरं, द्या. अगदी अर्धा," म्हणत पोतनीसांनी पूर्ण कप घेतला, बशीतलं बिस्किट उचललं आणि बुडवलं.

पोतनीसांनी मान वर केली. सगळे त्यांच्या बिस्किटाकडे बघत होते. बिस्किट तोवर कपात पडलं.

"साहेब," स्मिताताई हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांनी दडपण आणलं का तुमच्यावर?"

पोतनीसांनी चमच्याने बिस्किट काढायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"हे कार्यवृत्तात घेऊ नका," ते सचिवांना म्हणाले. मग त्यांनी निर्णय सांगितला: प्रस्तुत रुग्णाची पूर्वापार उत्तरपद्धती विचारात घेता, उत्तराच्या स्पष्टीकरणार्थ पुनःपृच्छा करण्यास समितीची हरकत नाही, पृच्छा एकूण तीनदा व्हावी, आणि उर्वरित दोन पत्नीने अध्यक्षांसमक्ष कराव्यात. आवाज सपाट असावा, ही अट त्यांनी लिहिली आणि स्वतःच खोडली.

दुसऱ्या दिवशी स्मिताताई पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या. मागे पोतनीस, डॉक्टर, आणि दाराशी ऋजुता.

"अहो, ऐकताय ना? हे श्वासाचं मशीन सुरू ठेवायचं का, विचारतायत. ठेवू या ना?"

नको. आणि थोड्या वेळाने त्याखाली आणखी दोन शब्द सावकाश उमटले: तुला त्रास.

ऋजुता दारातून बाहेर गेली आणि परत आत आली.

स्मिताताईंनी पदर सारखा केला. त्यांनी रडण्याची तयारी केली होती असं सगळ्यांना वाटलं. पण त्या दूधवाल्याशी बोलावं तसं बोलायला लागल्या.

"त्रास होतोच आहे मला. कंबर गेलीय इथे बसून. कँटीनचा चहा तुम्ही तोंडात धरणार नाही असला आहे. पण तुम्ही गेलात तरी त्रास होणारच आहे ना? म्हणजे दोन्हीकडे त्रास धरलेलाच आहे. तेव्हा तो वजा करा आणि सांगा. माझं सोडा, ऋजूचं सोडा, साहेब आलेत त्यांचंही सोडा. तुम्हाला काय हवंय? नको असेल तर नको म्हणा. मी वाढणार नाही, शपथ. पण हवं असेल आणि लाजून नको म्हणालात, तर मी तुम्हाला माफ करणार नाही, आत्ताच सांगते."

कायद्याच्या दृष्टीने यात निदान चार नियमभंग होते. पोतनीस खिडकीबाहेर बघत राहिले.

पडदा कोराच होता. डॉक्टरांनी जाळीचा आलेख बघितला. आत कुठला तरी शब्द धरून ठेवलेला होता. बऱ्याच वेळाने तो उमटला.

थोडं.

स्मिताताईंनी सुस्कारा सोडला. "बघा. मी म्हटलं नव्हतं?"

पोतनीस पुढे आले आणि त्यांनी चष्म्यावरून पडद्याकडे बघितलं. "थोडं? कायद्यात हो आहे, नाही आहे. थोडं म्हणजे किती?"

"ते वाढताना कळतं," स्मिताताई म्हणाल्या.

समितीने 'थोडं' म्हणजे तूर्त होकार असं धरलं आणि दर महिन्याला पुन्हा विचारायचं ठरवलं. मुंबईहून मार्गदर्शन मागवलं. मुंबईने विचारलं, 'थोडं' हा शब्द कोणत्या परिशिष्टात आहे.

मग हेमंत तारळेकर थोडं जगले. त्यात विशेष काही घडलं नाही. सकाळी स्मिताताई वर्तमानपत्रातून कोयना, वारणा, राधानगरी या धरणांचा पाणीसाठा वाचून दाखवायच्या. ते ऐकायचे. एकदा वारणेच्या आकड्यावर पडद्यावर आलं: चूक. स्मिताताईंनी नीट बघितलं तर त्यांनी ओळ चुकून वाचली होती. संध्याकाळी क्रिकेट. ऋजुता दर शनिवारी यायची, बाबांच्या पायाशी बसून लॅपटॉपवर काम करायची, आणि पंखा न विचारता लावायची.

तिने ऑफिसात हा प्रसंग सांगितला, ही तिची चूक. महिनाभरात कंपनीच्या सगळ्या अॅपवर 'नको' दाबल्यावर 'खरंच नको? थोडं तरी?' असं विचारणारा चौकोन आला. विक्री वाढली. ऋजुताला बढती देऊ केली. तिने नको म्हटलं, आणि कोणी पुन्हा विचारायच्या आत राजीनामा दिला. "बाबा, मी पहिल्या फटक्यात नको म्हटलं आणि तसंच ठेवलं," तिने पलंगाशी येऊन सांगितलं. पडद्यावर बऱ्याच वेळाने आलं: शाबास.

दर महिन्याच्या विचारण्याला आता सराव झाला होता. नको, नको, थोडं. पोतनीस सही करून चहा घेत. एकाच विचारण्यात घेत.

नोव्हेंबरमध्ये हेमंतरावांच्या पाठीला जखमा झाल्या. छातीत कफ साठायला लागला, तो दिवसातून कितीदा तरी नळीने ओढून काढावा लागे. डोळ्यांतून पाणी यायचं. ते रडण्याचं होतं की नळीचं, हे जाळीला कळत नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. त्या महिन्याची तारीख आली. स्मिताताई नेहमीसारख्या खुर्ची ओढून बसल्या.

"अहो, ठेवू या ना अजून?"

पडदा कोरा राहिला. नको लगेच उमटायचं, ते या वेळी आलं नाही. डॉक्टरांनी जाळी तपासली, ती ठीक होती. शब्द आत धरलेला होता. मग तो आला.

पुरे.

पोतनीसांनी पेन काढलं आणि तसंच हातात धरलं.

"काकू," डॉक्टर म्हणाल्या, "अजून दोनदा विचारायचा हक्क आहे तुम्हाला."

"आई, विचार ना," दाराशी उभी असलेली ऋजुता म्हणाली. "तूच म्हणतेस ना, दोनतीनदा विचारल्यावर. एकदा तरी विचार."

स्मिताताईंच्या तोंडाशी प्रश्न तयार होता. इतक्या वर्षांचा सराव, तो आपोआपच आला होता. त्यांनी विचारला असता तर हेमंतरावांनी आणखी थोडं घेतलंही असतं. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी विचारलं नाही.

"ऋजू, नको," त्या म्हणाल्या. "दमलेत ते." मग पलंगाकडे वळून म्हणाल्या, "बरं. ठीक आहे हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी झोपेचं औषध देऊन व्हेंटिलेटर काढला. ऋजुताने पाय चेपून दिले. स्मिताताईंनी कोयनेचा साठा वाचला. वारणेपर्यंत पोचायच्या आत श्वास थांबला. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

तारळेकर प्रकरणाची दखल घेऊन पुढच्या वर्षी नियमावली दुरुस्त झाली. रुग्णाला तीन वेळा विचारणं आता सर्व समित्यांना बंधनकारक आहे. वेळेअभावी बहुतेक समित्या एकदाच विचारतात आणि तेच उत्तर तिन्ही रकान्यांत भरतात.